धावजीचा आकडा

बीपीचा पट्टा चर्र करून उघडला आणि नागोरावांच्या मांडीवर येऊन पडला. डॉक्टर कहकशांनं तो उचलला, पुन्हा त्यांच्या दंडाभोवती ओढून घेतला, टोक टोकाला कसंबसं चिकटवलं आणि रबरी फुगा दाबायला लागली. तिसऱ्या दाबाला पुन्हा चर्र झालं. या वेळी पट्ट्याचं टोक टेबलावरच्या डब्याला लागलं आणि पेनं खाली सांडली. नागोराव ओशाळून पेनं उचलायला वाकले तर खुर्चीनं आवाज केला, म्हणून ते अर्ध्यातच थांबले. त्यांच्या अंगाखाली आजवर बरंच काही मोडलं होतं. लग्नातला पलंग, व्याह्यांच्या घरची वेताची खुर्ची, पुसद गाडीच्या सीटचा दांडा. मोडण्याआधीचा आवाज त्यांना ओळखू यायचा आणि मोडल्यानंतर माणसं काय बोलणार तेही पाठ झालं होतं. पण ही पोरगी काही बोलली नाही. त्यांच्या दोस्ताची, गफ्फारची भाची ती, दिग्रसला दवाखाना टाकून तिला अजून वर्षही झालं नव्हतं. तिनं पेनं गोळा केली आणि पट्ट्याकडे बघत राहिली. मग नागोरावच म्हणाले, "धावजी पाह्यजे होता."

"कोण धावजी?"

"आमच्या जिनिंगमधला हमाल. दरसाल मिलच्या फाटकात तपासणीचं शिबिर राह्यते ना, तवा हा पट्टा धावजीच धरते. दोन्ही हातानं आवळून. मंग कंपौंडर फुगा दाबते. नाहीतर निघते ना थो, आता निघाला तसा."

"आवळून म्हणजे?"

"आवळून म्हणजे आवळून." नागोरावांनी ओलं धोतर पिळतात तसं हवेत करून दाखवलं. "धावजीचा हात म्हणजे तुले काय सांगू बाई. रुईची पावणेदोन क्विंटलची गाठ एकटा उलटी करते."

"किती वर्षं धरतो तो?"

"पंधरा तर झालेच असन."

कहकशांनं हातातलं पेन खाली ठेवलं. आतल्या खोलीत गेली आणि एक रुंद पट्टा घेऊन आली. "चाचा, हा खरं तर मांडीला बांधायचा असतो. पण तुमच्या दंडाला हाच पाहिजे." तो पट्टा काही कुरकुर न करता दंडाला बसला. चर्र नाही, काही नाही. नागोरावांना उगीच कसंसंच वाटलं. एवढ्या सहज आपल्याला काही बसतं याची त्यांना सवय नव्हती. तिनं तीनदा मोजलं, मधे पाच-पाच मिनिटं त्यांना गप्प बसवलं. मग म्हणाली, "एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. शिबिरात किती यायचा?"

"एकशे ऐंशी. खालचा एकशे दहा." बापाचं नाव विचारल्यावर सांगावं तसा तो आकडा त्यांच्या तोंडून आला.

"पट्टा लहान पडला की आकडा फुगतो, चाचा. वरून कोणी आवळला तर मग बोलायलाच नको. तुमचा बीपी थोडा वाढलेला आहे, गोळी लागेल. पण एकशे ऐंशी तुमचा नव्हता."

"मंग कोणाचा होता?"

"धावजीचा," ती म्हणाली, आणि इतका वेळ दाबलेलं हसू तिच्याच्यानं आवरलं नाही.

नागोरावही हसले. हसायला हवं होतं म्हणून हसले. पुढं ती बरंच बोलली आणि ते मान हलवत राहिले. काळजाच्या सोनोग्राफीचा कागद समोर धरून ती सांगत होती की काळजाची भिंत थोडी जाड झाली आहे, जन्मभर वजन उचलणाऱ्यांची होते तशी, घाबरण्यासारखं नाही. देह मोठा म्हणजे रक्त पोचवायचा गाव मोठा. तो मांसानं मोठा आहे की चरबीनं, काळजाला दोन्हीकडं पाणी नेऊन द्यावंच लागतं, त्यामुळं मी पैलवान आहे, मला काही होत नाही, असं म्हणायचं नाही. पण म्हातारपणी ज्याच्या मांड्या शाबूत तो पडत नाही, आजारातून उठतो, जास्त दिवस जगतो, हेही खरं. "दंड ठेवा, मांड्या ठेवा, पोट द्या," असं तिनं सांगितलं. भाजीवाल्याशी घासाघीस केल्यासारखं त्यांना ते वाटलं. पंधरा किलो उतरवले तर अजून वीस वर्षं कुठं गेली नाहीत, असंही ती म्हणाली, आनंदाची बातमी सांगावी तशी. वीस वर्षं. नागोरावांनी बेरीज केली. एकसष्ट आणि वीस एक्याऐंशी. एक्याऐंशीपर्यंत करायचं काय? त्यांच्या आधी घरातल्या कुणा पुरुषानं साठी पाहिली नव्हती. बाप एक्कावन्नाव्या वर्षी वजनकाट्यावर कापसाचा बोजा टाकता टाकता गेला. थोरला भाऊ चोपन्नाव्या वर्षी जावयाच्या दारात चपला काढायला वाकला तो उठलाच नाही. दोघंही असेच, दारात उभे राहिले की घरात अंधार पडायचा. मोठ्या देहाची माणसं लवकर जातात हे त्यांच्या घरात कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं.

उठताना त्यांनी विचारलं, "आन् मीठ?"

"थोडं कमीच ठेवा. पापड, लोणचं नको."

"तसं नाही. अळणी. पार अळणी खाल्लं पंधरा वर्षं."

"पार अळणी?" तिनं भुवया वर केल्या. "एवढं कुणी सांगितलं होतं? गरज नव्हती चाचा. तुम्ही दणकट म्हणून निभावलं. एखाद्या बारीक माणसाला, ज्याचा बीपी मुळात कमी आहे, त्याला त्रास झाला असता. चक्कर वगैरे."

ती कागद आवरत होती. तिला काही माहीत नव्हतं. नागोराव बाहेर आले.

बाहेर बाकावर गफ्फार बसला होता. गफ्फार मेकॅनिक, वय सहासष्ट, वजन सत्तेचाळीस, दिवसाला बिडीचे दोन कट्टे, आणि आजवर दवाखाना फक्त दुसऱ्यांना आणून सोडण्यापुरता पाहिलेला. "काय म्हणते मायी भाची?" त्यानं विचारलं.

"वीस वर्षं म्हणते."

"सजा सुनावल्यासारखा काहून सांगून राह्यला बे? म्हंजे मलेच जा लागते का आधी? मी तर तुयासाठी इमरानची पिकअप बोलून ठेवलती. चार खांदे तुले पुरत नाही म्हणलं." असं म्हणून तो इतका हसला की खोकला आला आणि खोकता खोकता त्यानं बिडी काढली. एरवी नागोरावांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला असता आणि गफ्फारनं त्या धपाट्याबद्दल अर्धा तास तक्रार केली असती. आज ते नुसते म्हणाले, "मिलात जाऊन येतो," आणि चालायला लागले. गफ्फार आपली एम-एटी गाडी ढकलत मागोमाग आला. नागोरावांना मागं बसवलं की पुढचं चाक उचललं जातं हा दोघांचा जुना अनुभव होता, त्यामुळं दोघं मिळून कुठं जायचं तर गाडी नेहमी हातानं ढकलत न्यावी लागायची.

डिसेंबर होता. कापसाच्या गाड्यांची रांग पार नाक्यापर्यंत आलेली, आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला. नागोराव रांगेच्या कडेनं चालत होते आणि त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. धावजीनं पट्टा आवळला, म्हणून आकडा एकशे ऐंशी आला. आकडा एकशे ऐंशी आला म्हणून घरातून मीठ गेलं. मीठ गेलं ते दोघांच्या ताटातून गेलं. दोघांच्या ताटातून गेलं म्हणून बायकोला, तानाला, चक्कर आली. चक्कर आली म्हणून चैत्रात, सकाळी सहा वाजता, मोरीत. इथपर्यंत आलं की ते पुन्हा धावजीपासून सुरू करायचे, मधे कुठं एखादी कडी सुटते का बघायला. सुटत नव्हती. जन्मभर त्यांनी ट्रकात गाठी रचल्या होत्या. एकीवर दुसरी अशी बसली पाहिजे की उद्या माणूस वर चढून नाचला तरी हलता कामा नये. हे तसंच बसलं होतं.

पहिल्या शिबिराच्या दिवशी ते घरी आले आणि तानाबाईला म्हणाले होते, "एकशे ऐंशी निघाला." तेव्हा त्यांच्या बोलण्यात थोडा तोराही होता, कारण सगळ्या मिलात एवढा कुणाचाच नव्हता. तानाबाई पोळी लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं, त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, सासऱ्याचं आणि दिराचं वय मनात मोजलं असावं, आणि मिठाची बरणी उचलून वरच्या फळीवर, जुन्या पितळी डब्यांच्या मागं ठेवून दिली. त्या दिवसापासून घरात अळणी. वरण अळणी, वांगी अळणी, भाकरी अळणी. नागोराव आठ दिवसांनी म्हणाले, तू कायले खातं असं, तुले कुठं काय झालं? तर म्हणाली, "दोन भांडे कोण लावते? तुम्ही खासान थेच मी खाईन." हे वाक्य नागोरावांनी सगळ्या मिलात सांगितलं. गफ्फारला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, एकदा वणीच्या एका अनोळखी व्यापाऱ्यालाही सांगितलं. माझी बायको माझ्यासाठी अळणी खाते. ती खायचीही चिमणीएवढं. अर्धी पोळी, वाटीभर वरण. घास तोंडात घालून डोळे मिटायची आणि सावकाश चावायची. ते बघून नागोराव मुकाट्यानं आपल्या सहा पोळ्या संपवायचे.

तिनं पुढची सगळी तयारीही करून ठेवली होती. हा आता जाणार, असं एकदा ठरल्यावर ती कामाला लागली, जसं दिवाळीआधी लागावं. सही करायला शिकली. सिलिंडरचं बटण लावायला शिकली. बँकेत जाऊन साहेबाला विचारून आली की नवरा गेल्यावर कुठले कागद लागतात, आणि साहेब चांगला म्हणून त्यानं विचारलं, कधी गेले, तर म्हणाली, अजून नाही. आठवड्यातून दोन रात्री पुढच्या खोलीत एकटी झोपायची. "सवय करून घेऊन राह्यली," म्हणायची. "एकदमच आलं तर जमन का?" तिसऱ्याच दिवशी भल्या पहाटे परत यायची आणि म्हणायची, घोरणं ऐकू नाही आलं तर झोपच लागत नाही मेली. नागोरावांना या सगळ्याचा कधी राग आला नाही. उलट बरं वाटायचं. आपण गेल्यावर घर नीट चालणार याची खात्री असलेला माणूस जसा निर्धास्त असतो तसे ते निर्धास्त होते. त्यांनी स्वतः काहीच शिकून ठेवलं नाही. चहाची भुकटी कुठल्या डब्यात हे त्यांना तिच्या तेराव्या दिवशी कळलं, तेही आधी दुसऱ्या डब्यात डाळ निघाल्यावर. घरातला जो माणूस मागं राहायला तयार होता तो गेला, आणि जो जायला तयार होता तो आता गॅससमोर उभा राहून बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते बघत होता.

ती मोरीत पडली त्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात त्यांनी तिच्या दंडावरचा पट्टा पाहिला होता. नर्सनं तोच नेहमीचा पट्टा तिच्या दंडाला बांधला तर दोन वेढे बसून वर टोक उरलं. नव्वद-साठ. डॉक्टरनं विचारलं, यांना आधी चक्कर यायची का? अधूनमधून, नागोराव म्हणाले. जेवण कसं आहे? आणि नागोराव त्या वेळीही, लेक शेजारी रडत उभी असताना, सवयीनं बोलून गेले होते, "आम्ही दोघंबी अळणी खातो, सायेब." डॉक्टरनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि कागदावर काही तरी लिहिलं. ते बघणं आठ महिने त्यांना आठवलंही नव्हतं. आज ते आलं आणि त्यांच्याबरोबर रांगेच्या कडेनं चालायला लागलं.

धावजी गाठी दाबायच्या प्रेसच्या शेडमध्ये लोखंडी पट्ट्या ठोकत होता. पन्नाशीचा माणूस, वेटाळातल्या, वस्तीतल्या लग्नात अजून सगळ्यांच्या आधी नाचायला उठणारा. नागोराव मुकादम होते तेव्हा त्यांच्याच हाताखाली तो तयार झाला होता. त्यांना बघून त्यानं हातोडी टाकली आणि पाया पडला. नागोराव म्हणाले, "धावजी, शिबिरात तू माया पट्टा धरत होता."

"धरीन ना मुकादम. औंदाबी धरीन."

"किती जोरात धरत होता?"

धावजीला प्रश्नाचा रोख कळला नाही. आपल्या कामाची चौकशी होते आहे एवढं कळलं. त्याची छाती फुगली. "पुरा जोर लावत होतो. पह्यल्या वर्षी आधी जरासा ढिला धरला तर कंपौंडर म्हणे, आकडा बराबर येऊन नाही राह्यला, अजून कस. म्हणलं आपल्या मुकादमाचा आकडा कमी काहून यावा? मंग दरसाल जोर वाढवत गेलो. एका वर्षी तर एकशे नव्वद आणला, ध्यानात हाय का?"

"हाय," नागोराव म्हणाले.

"दाखवू का?" आणि नको म्हणायच्या आत त्यानं गफ्फारचा दंड धरला. गफ्फारनं अशी किंकाळी फोडली की शेडमधल्या बाया पाट्या टाकून बघायला आल्या. "छोड बे! अल्ला, हाड गेलं माया! नागोराव, याले सांग, मी जिंदा माणूस हाय, गठाण नाही!" धावजीनं सोडलं. गफ्फारच्या दंडावर पाच बोटं उमटली होती. तो दंड नागोरावांसमोर नाचवत म्हणाला, "हे पाह्य! हे पाह्य! पंधरा वर्षं असं आवळून घेतलं तुनं, अन् तुले वाटलं बिमारी हाय?"

सगळे हसले. धावजी सगळ्यात जास्त हसला. नागोराव त्याच्या हातांकडं बघत होते. येताना त्यांनी ठरवलं होतं की त्याला सांगायचं, तुझ्या जोरापायी काय झालं ते. पण त्या हातांना काय सांगणार? ते हात त्यांनीच शिकवले होते. ढिला हात लावशील तर गाठ अंगावर येईल, हे त्यांचंच वाक्य. मग दोष कुणाचा? कंपौंडरचा? तो गेला बदलून. बापाचा, ज्यानं हा दंड दिला? आईचा, जिनं म्हशीचं दूध पाजून तो वाढवला? की त्यांचा स्वतःचा, ज्यांना एकशे ऐंशी ऐकल्यावर थोडं बरंच वाटलं होतं? शेवटी सगळं फिरून या दंडापाशीच येत होतं. हा दंड बारीक असता तर पट्टा बसला असता. ते शेडबाहेर आले आणि त्यांनी दंडाकडं असं बघितलं की जणू तो दुसऱ्याचा आहे आणि आपल्या खांद्याला चुकून लावून दिलेला आहे.

"काय झालं बे तुले?" गफ्फारनं दंड चोळत विचारलं. नागोराव घराच्या वाटेला लागले. गफ्फारनं पुन्हा गाडी ढकलायला घेतली. गल्लीच्या तोंडाशी गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "संध्याकाळी येतो. डबा आणतो. तुया भाभीले, जोहराबीले सांगतो, मीठ कमी टाकजो म्हणून."

"नको," नागोराव म्हणाले.

गल्लीत इंदुताई ओट्यावर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. इंदुताई त्यांची दोन घरं सोडून राहणारी शेजारीण. सत्तरीची, एकोणीस वर्षांपूर्वी नवरा गेलेला, तेव्हापासून एकटी आणि खणखणीत. नागोराव तिला चुकवून जात असत, कारण तिच्याशी बोललं की तानाचं नाव निघायचं. आजही खाली मान घालून पुढं निघाले होते. "काय म्हणे डॉक्टरीण?" तिनं ओट्यावरूनच विचारलं. नागोराव थांबले. आणि का कोण जाणे, गफ्फारला जे सांगता आलं नाही ते त्यांनी तिथं उभ्याउभ्या या बाईला सगळं सांगितलं. पट्टा, धावजी, एकशे बेचाळीस, मीठ, नव्वद-साठ. सांगताना आवाज नीट राहावा म्हणून ते तिच्याकडं न बघता शेंगांच्या टोपलीकडं बघत होते. "म्हंजे म्याच मारलं तिले, इंदुताई," ते म्हणाले. "मायी बिमारी नव्हतीच. अन् तिनं मायासाठी पंधरा वर्षं अळणी खाल्लं. मीठ तुटलं तिच्या आंगातलं."

त्यांनी वर बघितलं. इंदुताईनं पदराचा बोळा तोंडात घातला होता आणि तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटून नागोरावांचेही डोळे भरले. मग तिनं पदर काढला.

"तानी?" ती म्हणाली. "अळणी?" आणि हसता हसता तिच्या मांडीवरचे पसाभर दाणे सांडले. "अवो नागोराव! रोज बारा वाजता, तुमी मिलात गेले का थे माह्या घरी राहे. ताट होतं तिचं माह्याकडं, अजून हाय. ठेचा पाह्यजे, खारातली मिर्ची पाह्यजे, वरून कच्चं मीठ. आंब्याच्या लोणच्याचा खार तर वाटी तोंडाले लावून पेत होती. मी म्हणो, बाई, हळू. तर म्हणे, घरी गवत खा लागते मले त्याच्यासंगं, इथं तरी खाऊ द्या."

इंदुताईनं हसून हसून आलेलं पाणी पुसलं.

"मले शप्पथ घातलती. म्हणे, त्याले सांगाल तर थोबी येईन इथं खायले, मंग तुमची बरणी नाही अन् तो नाही."

"मंग चक्कर?" त्यांनी विचारलं.

"चक्कर तिले नवरी होऊन आली तवापासून. मीच धरलंय तिले दोनदा नळावर. तिच्या मायलेबी येत होती. मिठाचं काय घेऊन बसले? मीठ तर तिच्यात एवढं होतं का..." इंदुताई आता खरंच रडत होती आणि हसतही होती. शेंगा सोलायचं मात्र तिनं थांबवलं नव्हतं.

नागोराव ओट्याच्या कडेला बसले. ओटा दगडी होता, काही मोडलं नाही. सकाळपासून एकीवर एक रचलेल्या गाठींतली मधली एक निसटून सगळ्या धडाधड खाली आल्या होत्या आणि त्या धुरळ्यात त्यांना आधी काहीच दिसेना. मग हळूहळू दिसायला लागलं. अर्धी पोळी दिसली. वाटीभर वरण दिसलं. चिमणीएवढं खाते, म्हणून आपण गावभर सांगत होतो, आणि तिचं पोट बारा वाजताच भरलेलं होतं. ते डोळे मिटून सावकाश चावणं. ते काही सोसणं नव्हतं, पोटात जागा नव्हती. पुतण्याच्या लग्नात गोळाभात वाढायला आले तेव्हा तिनं आपल्या पानावर हात आडवा धरला आणि त्यांच्याकडं बघितलं. आणि त्यांनीही धरला. वर फोडणीचं तेल, चुरलेले गोळे, सगळी पंगत ओरपत होती, आणि ते दोघं नुसतं ताक पीत बसले होते. ताकही अळणी. वऱ्हाडातली बाई कौतुकानं म्हणाली होती, जोडा पाहा कसा हाय. तेव्हा तानानं मान खाली घातली होती, लाजल्यासारखी.

पंधरा वर्षं. दिवसाला दोन जेवणं.

ती गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत नागोराव घरी जायला कधी घाई करत नव्हते. गफ्फारच्या गॅरेजात बसायचे, मिलच्या फाटकात बसायचे, तेही बंद झालं की बसस्टँडवर जाऊन यवतमाळ गाडीतून कोण उतरतं ते बघत बसायचे. घरी जाऊन बोलायचं कुणाशी, आणि काय? फोटोसमोर उदबत्ती लावून ते बाजूला व्हायचे. गेलेल्या माणसाला काय बोलावं हे त्यांना सुचत नसे. सगळं चांगलंच बोलायला हवं असं वाटायचं, आणि चांगलं बोलायची तर त्यांना तिच्या हयातीतही सवय नव्हती. पस्तीस वर्षं ते दोघं भांडत आले होते. आता ते उठले. गुडघ्यावर हात न ठेवता, एका झटक्यात उठले, तशा मांड्या अजून शाबूत होत्या.

"कुठी चालले?" इंदुताईनं विचारलं. "बसा. चहा ठेवतो."

"घरी जातो."

"घरी कोण हाय?"

"हाय," नागोराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "गवत म्हणे! मी बैल होतो का? पंधरा वर्षं मले..." त्यांना श्वास पुरेना.

"अवो हळू! काय सांगतलं डॉक्टरनीनं? हळू चाला!"

पण ते निघाले होते. ओटा ते घर अशी वीस पावलं, त्यात त्यांनी धोतराचा सोगा सावरला, टोपी काढून हातात घेतली, ती पुन्हा घातली, कुणाशी तरी आधीच वाद घालत असल्यासारखा एक हात हवेत उडवला. दारापाशी पोचून त्यांनी खिशातून किल्ली काढली. रागाच्या भरात किल्ली भोकात जाईना. समोरच्या घरातली प्रेरणा खिडकीतून बघत होती की नागोरावकाका आज एवढ्या जोरात कुणावर ओरडताहेत, कारण कुलूप उघडायच्या आतच त्यांनी बोलायला सुरुवात केली होती.